हजार ओव्यांची वाट

उदगीरच्या मोंढ्यात धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही. पहिलं माप म्हणजे लाभ. लाभ, दोन, तीन, चार, असं पुढं जायचं. आणि तोलारानं आकडा उच्चारला की तो देवाच्या कौलासारखा, त्यावर बोट ठेवायचं नाही. गुरुपादप्पा तोलार तीस वर्षं असे आकडे उच्चारत आले होते. तूर असो, ज्वारी असो, करडई असो, त्यांच्या तोंडचा आकडा आडत्याला पटायचा आणि शेतकऱ्यालाही. माप चुकल्याचा संशय आलाच तर त्याचीही एक रीत होती. रास पुन्हा मांडायची आणि चारचौघांसमोर लाभापासून मोजायची. तीस वर्षांत ही पाळी गुरुपादप्पांवर एकदाही आली नव्हती.

म्हणून मुंबई ते लंडन विमानाला किती वेळ लागतो, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मोंढ्यात कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

त्याचं असं झालं. लातूर जिल्हा होऊन दीड वर्ष लोटलं होतं. जानेवारीचे दिवस, नवी तूर मोंढ्यात उतरत होती, आणि लंडनहून जावयाचं पाकीट आलं. जावई बसवराज तिकडं इंजिनियर. लेक शिवगंगा पहिलटकरीण, नववा महिना भरत आलेला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीत, पण तिकडच्या डॉक्टरांनी तिला विमानात बसायला मनाई केली. मग जावयानं लिहिलं होतं की शिवगंगाला माहेरी येता येत नाही, तर माहेरानंच इकडं यावं. सोबत सासूबाईंचं, रत्नम्मांचं, तिकीट होतं.

पासपोर्टाचं काम आधीच झालं होतं. त्या अर्जाची एक गंमत गुरुपादप्पा येईल त्याला सांगत. कारकुनानं सवयीनं जिल्हा उस्मानाबाद लिहिलं. यांनी तिथल्या तिथं त्याला खोडायला लावलं आणि लातूर लिहून घेतलं. रत्नम्मा या घरात लग्न होऊन आल्या तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि जिल्हा बिदर होता. पुढं तो उस्मानाबाद झाला, आता लातूर. गुरुपादप्पा म्हणत, "तीन जिल्हे आमच्या दारावरून गेले. आमचा उंबरा काही हलला न्हाई. आता उंबऱ्यातली बाईच निघाली."

रत्नम्मा मात्र लगेच हो म्हणाल्या नाहीत. थंडी, परका मुलुख, न कळणारी बोली, यातलं काही त्यांनी काढलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की वाटेला वेळ किती लागतो.

त्या विचारण्यामागं एक नेम होता. दिवस उगवला की गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढायचं, डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावून पूजा करायची. रात्री जेवून आचवल्यापासून या पूजेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. पूजा तर शेजारपाजारच्या घरांतही होई, पण सूर्याचा आणि पाण्याचा हा कडकपणा रत्नम्मांच्या माहेरचा. चौदाव्या वर्षी त्यांनी तो घेतला. चार बाळंतपणं झाली, त्यातली दोन बाळं गेली, बहात्तरचा दुष्काळ झाला. नेम काही मोडला नाही. आता साठीला टेकताना तो आभाळात मोडायचा असेल तर त्या जाणार नव्हत्या. लेकीवरचा जीव वेगळा आणि शिवाचं देणं वेगळं, असं त्यांनी धन्याला शांतपणे सांगितलं.

गुरुपादप्पांनी तिकीट उजेडात धरलं. इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे येत होते. विमान मुंबईहून रात्री अडीचला सुटतं, लंडनला सातला पोचतं. अडीच ते सात, साडेचार तास. जावयानं पत्रात अंतरही लिहिलं होतं, साडेचार हजार मैल. त्यांना भारी आनंद झाला. साडेचार हजार मैल आणि साडेचार तास, म्हणजे तासाला हजार मैल, वर दाणा नाही की खाली दाणा नाही. असं गोल माप त्यांच्या हातून कधी उतरलं नव्हतं.

"अंधारात निघशील आन् दिवस उगवायला उतरशील," ते म्हणाले. "उतरलीस की पूजा कर, मग घोटभर च्या पी. नेमाला धक्का न्हाई. माज्या मापावर जा तू."

त्यांच्या मापावर त्या आयुष्यभर गेल्या होत्या. त्या हो म्हणाल्या.

भीमाशंकर आडत्याच्या दुकानाच्या फळीवर गुरुपादप्पांनी खडूनं लिहून ठेवलं: मुंबई ते लंडन, मैल ४॥ हजार, तास ४॥. मोंढ्यात आलेला गाडीवान, हमाल, शेतकरी, जो तो ते वाचून जाई. उदगीरहून लातूरला एस.टी. अडीच तास घेती आणि तोलाराची बायको साडेचार तासांत साहेबाच्या मुलखात, असं म्हणून लोक तोंडात बोट घालत. शाळेतले एक गुरुजी फळीपुढं थांबले, कपाळाला आठी घातली, तिकडचं घड्याळ आणि इकडचं घड्याळ असं काहीतरी पुटपुटले. भीमाशंकरनं त्यांना वाटेला लावलं. आगगाडी परळीहून सुटली काय आणि विकाराबादला पोचली काय, घड्याळ एकच असतं, मग विमानाचं वेगळं कसं असेल? आणि तोलारानं मोजलेल्या राशीत हात घालायचा नसतो, हे गुरुजींना कुणी शिकवायचं?

तुरीचा हंगाम सोडून गुरुपादप्पांना जाता येईना. पुतण्या चन्नबसप्पा मुंबईपर्यंत सोडायला निघाला. डिंकाचे लाडू, अळीव, खारीक, बाळंतशोपा, असं लेकीचं सगळं बोचक्यात भरलं. एस.टी. सुटायच्या वेळी गुरुपादप्पांनी बायकोच्या हातात नव्या तुरीचे पाच दाणे ठेवले.

"तुजी मोजायची रीत मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "पाचवा दाणा अर्धा होईल तवा जमिनीवर असशील."

रत्नम्मांनी दाणे चंचीत टाकले आणि चंची कमरेला खोचली.

त्यांची मोजायची रीत सगळ्या गल्लीला ठाऊक होती. घरात घड्याळ नव्हतं तेव्हापासून त्या वेळ ओव्यांनी मोजत. एका चालीत, एका श्वासात, न रेंगाळता गायलं तर शंभर ओव्यांना एक तास. पायलीभर ज्वारी दळायला किती, आडावर जाऊन यायला किती, सगळं ओव्यांत. पण या रीतीचं खरं सोनं झालं ते बहात्तरच्या दुष्काळात. पाऊस फिरकला नव्हता. गावाबाहेर रस्त्याचं काम निघालं होतं आणि खडी फोडायला अर्धं उदगीर जात होतं. तोलाराला तोलायला दाणाच नव्हता, तेव्हा नवराबायको दोघंही त्या खडीवर बसले. तिथल्या मुकादमाच्या मनगटावर घड्याळ होतं आणि ते त्याच्या मर्जीनं चालायचं. दुपारच्या सुट्टीची शिट्टी तो उशिरा वाजवी आणि सुट्टी संपल्याची लवकर. रत्नम्मा हातोडा चालवत गात.

खडीच्या ढिगाला सावली न्हाई बाई
ओवीचा पदर धरू, उन्हाला दया न्हाई

गात आणि शंभराला एक खडा बाजूला ठेवत. चौथ्या दिवशी त्या उभ्या राहिल्या आणि मुकादमाला म्हणाल्या की सुट्टी शंभर ओव्यांची ठरली होती, साठच झाल्यात, अजून चाळीस होईपर्यंत बायका बसून राहणार. तो हसला. मग कामावर साहेब आला, त्यानं आपलं घड्याळ काढून समोर धरलं, रत्नम्मांनी शंभर गायल्या. काटा तासाला एका मिनिटानं कमी होता. त्या दिवसापासून शिट्टी मुकादमाची आणि वेळ रत्नम्मांची.

त्याच उन्हाळ्यात एका पहाटे खडीवर अशी वावटळ उठली की आभाळ आणि जमीन एक झाली. दिवस कुठं आहे ते दिसेना. पाण्याचा टँकर आला होता, बायका भांडी भरून घटाघट पाणी पीत होत्या, आणि रत्नम्मा कोरड्या घशानं बसून होत्या. सासू नीलम्मा तेव्हा जिवंत होत्या. त्यांनी विचारलं, घरून निघाल्यापासून किती ओव्या झाल्या? रत्नम्मांनी सांगितलं. नीलम्मा म्हणाल्या, "मग उगवलाय की. धुळीनं झाकला म्हणून सूर्य बुडत न्हाई. काढ लिंग, कर पूजा."

विमानात रत्नम्मांच्या शेजारी नांदेडची एक सरदारीण बसली होती. गुरुद्वाऱ्याच्या मागच्या गल्लीत तिच्या तीन पिढ्या गेलेल्या. मराठी अशी बोलायची की डोळे मिटले तर आपल्याच गल्लीतली वाटावी, मधूनच दखनी मिसळायची. भावाकडं चालली होती, तिसऱ्यांदा. पट्टा कसा बांधायचा ते तिनं दाखवलं आणि नांदेडच्या मानानं उदगीर किती लहान हेही सांगितलं. रत्नम्मांनी उत्तर दिलं की लहान असेल, पण मोंढा मोठा हाय.

विमानानं जमीन सोडली तशी रत्नम्मांनी पहिली ओवी धरली. मोठ्यानं नाही, ओठांतल्या ओठांत.

आभाळाच्या वाटे न्हाई दगड न्हाई माती
तिथं चालायाला माझ्या ओव्यांच्या पायवाटी

विमानाची घरघर त्यांना परकी वाटली नाही. कुणीतरी फार मोठं जातं ओढतंय, आपण नुसतं गायचं, असं त्यांना वाटलं. शंभर झाल्या, एक दाणा चंचीतून डाव्या मुठीत आला. दोनशे झाल्या, दुसरा आला. मधे विमानातली सुंदरी पाणी घेऊन आली, त्यांनी मान हलवली. पुन्हा आली, पुन्हा मान हलली. सरदारीण झोपली, जागी झाली, पुन्हा झोपली. सारे दिवे मंद झाले आणि ओवी मात्र एका चालीत चालत राहिली. लेकीवर, लेकीच्या पोटातल्यावर, मोंढ्यावर, दारातल्या लिंबाच्या झाडावर. चारशे. चौथा दाणा.

साडेचारशे झाल्या तेव्हा त्यांनी बाहेर पाहिलं.

बाहेर काळं होतं. विमान खाली उतरत नव्हतं. लोक घोरत होते. त्यांनी आणखी पन्नास गायल्या, पाचवा दाणाही मुठीत आला, चंची रिकामी झाली. बाहेर तसंच काळं. घसा वाळून आत खडी भरल्यासारखा झाला होता. त्यांनी सरदारणीला हलवलं आणि विचारलं, लंडन हुकलं तर न्हाई?

सरदारीण डोळे चोळत उठली, मनगट बघितलं आणि हसायला लागली. आत्ता कुठं अर्धी वाट सरली म्हणाली. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असतं. सात म्हणजे तिकडचे सात, आपले साडेबारा, दुपारचे. विमानाला दहा तास लागतात. तिनं आपल्या घड्याळाची किल्ली ओढून काटे फिरवूनही दाखवले. आता साडेसात वाजले होते, बघता बघता दोन वाजले. आणि उतरल्यावरही उजाडलेलं नसेल, तिकडं थंडीत सूर्य आठनंतर उठतो, हे तिनं सहज सांगून टाकलं. अडीचच्या गाडीनं निघालो आणि पाच तासांनी दोनला आलो, हा हिशेब रत्नम्मांना लागेना.

तीस वर्षांत धन्याचं माप चुकलं नव्हतं. त्या मापावर विसंबून त्या इथवर आल्या होत्या. आता पुढं अजून सहा तासांची रात्र, आणि ती संपेपर्यंत पाणी नाही. मागं जाता येत नाही, खाली उतरता येत नाही.

सरदारणीनं आपला पेला पुढं केला. "अम्मा, घे दोन घोट. वरून कोण देखताय? घडी मागं गेली की दिवस पण मागं गेला समज."

"घड्याळ मागं फिरवता येतं," रत्नम्मा म्हणाल्या. "गायलेली ओवी मागं घेता येत न्हाई."

आणि ते बोलून त्या स्वतःच थबकल्या. गायलेल्या ओव्या पाचशे. निघालो अडीचला. म्हणजे या घटकेला उदगीरला साडेसात. हे घड्याळानं नव्हे, पाच दाण्यांनी सांगितलं होतं आणि ते फिरवणारी किल्ली कुणाकडं नव्हती. लिंबावरून ऊन खाली उतरलं असेल. शिवगंगाचे अप्पा आंघोळ करून, पाठीवर ओला टॉवेल टाकून पूजेला बसले असतील. ते हंगामात नेहमी उशिरा बसतात. सूर्य उगवला होता. तो या खिडकीतून दिसत नव्हता, एवढंच. वावटळीतही दिसला नव्हता.

त्यांनी सुंदरीला बोलावलं, खुणेनं वाटीभर पाणी मागितलं, हात आणि डोळे ओले केले. पदर डोक्यावरून घेतला. डबी उघडून लिंग डाव्या तळहातावर घेतलं, भस्म लावलं. तीनशे माणसं झोपलेली, खाली कुठला मुलुख ते शिवाला ठाऊक, आणि त्या मंद उजेडात उदगीरच्या बाईनं उदगीरच्या सूर्याला धरून पूजा केली.

उगवला नारायण उदगीर गावावरी
न दिसे डोळ्याला, तरी हाय माझ्या घरी

मग पाणी प्यायल्या. सरदारीण सांगते, की एवढ्या सन्मानानं पाणी पिताना तिनं कुणाला पाहिलं नाही.

पूजेला वीस ओव्यांचा वेळ जातो हे त्यांना माहीत होतं. त्यांनी त्या वीस मोजणीत धरल्या आणि पुढं गाऊ लागल्या. चंचीत दाणे उरले नव्हते. तेव्हा मुठीतले दाणे एकेक करून परत चंचीत जाऊ लागले. सहाशे, सातशे. सरदारीण आता झोपेना, ती नुसती ऐकत बसली, आठशेच्या पुढं तर झीलही धरायला लागली. पाचवा दाणा चंचीत पडला, त्यावर सात ओव्या झाल्या आणि चाकं जमिनीला टेकली.

विमानात इंग्रजीतून काही सांगितलं गेलं. सरदारणीनं सांगणाऱ्या आवाजाकडं मान वळवली, आणि मग हळूच रत्नम्मांकडं पाहिलं.

"दहा तास आन् चार मिनिटं म्हणतोय, अम्मा."

रत्नम्मांनी चंचीची दोरी ओढली. "त्याचं घड्याळ ठीक हाय मग," त्या म्हणाल्या.

पत्र उदगीरला बाराव्या दिवशी पोचलं. अक्षर शिवगंगाचं, बोल आईचे. पाकिटावर जिल्हा लातूर असं ठसठशीत लिहिलेलं. पोस्टमननं ते मोंढ्यातच आणून दिलं आणि भीमाशंकरच्या दुकानापुढं, तुरीच्या राशीला टेकून, गुरुपादप्पांनी ते मोठ्यानं वाचायला घेतलं. वाचायलाच हवं होतं. फळीवरच्या आकड्यानं अर्ध्या मोंढ्याचा जीव त्या विमानात गुंतला होता. मुलगी झाली होती. हमालांनी गूळ मागितला. गुरुपादप्पांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि पुढं वाचलं.

रत्नम्मांनी लिहवलं होतं: तुमचं माप साडेपाच तासांनी कमी भरलं. वाट दहा तासांची, वर सात ओव्या. सूर्य तिथं नव्हता. तुमी पूजेला बसला तवाच मीबी बसले, माझ्या मोजणीनं. नेम राखला हाय. फिकर करू नये. तुमचे दाणे परत आणते.

तोलाराची चूक अशी भर बाजारात, त्याच्याच तोंडून वाचली गेली होती. भीमाशंकरला राहवलं नाही.

"तोलार, पोतं साडेपाच मापांनी हलकं निघालं की."

गुरुपादप्पांनी पत्राची घडी केली आणि बंडीच्या खिशात ठेवली. दुसरा कुणी असता तर साहेबाच्या घड्याळाला बोल लावला असता. ते उठले, फळीजवळ गेले आणि बाहीनं आपलाच आकडा पुसून टाकला. सगळ्या हमालांना जवळ बोलावलं, आडत्यांना बोलावलं, वाटेनं जाणाऱ्या गुरुजींनाही हाक मारली. मग चुकल्या राशीची जी रीत असते तीच त्यांनी केली. उजवा हात वर घेतला आणि मोंढ्याच्या शेवटच्या दुकानापर्यंत पोचेल असा आवाज लावून पहिल्यापासून मोजलं.

"लाभ. दोन. तीन. चार..." आणि दहावर थांबून म्हणाले, "दहा तास, वर सात ओव्या. माप माजं न्हाई. हिचं हाय. बहात्तरला मुकादमाचं घड्याळ हिनंच सरळ केलं होतं, आता माजं केलं. लिहा."

गुरुजींनी खडू घेतला आणि लिहिलं. तास दहा. त्याखाली, कुणी न सांगता, त्यांनी आणखी एक ओळ लिहिली: ओव्या एक हजार सात. भीमाशंकरनं दुकानातून गुळाची ढेप काढली आणि पैसे कुणाकडं मागितले नाहीत.

संध्याकाळी तोलायचा काटा झाकून गुरुपादप्पा एकटेच घराकडं निघाले. चौकाच्या पुढं रस्ता रिकामा झाला तसं त्यांनी घसा खाकरला. मोंढ्यापासून घरापर्यंत वाट किती, हे त्यांना एकदा बायकोच्या मापानं मोजायचं होतं. त्यांना ओवी एकच येत होती, खडीवर ऐकलेली. तीच ते पुन्हा पुन्हा गात गेले, अगदी एका चालीत, आणि पहिल्या ओवीला त्यांनी लाभ म्हटलं.

उंबऱ्याशी पोचले तेव्हा एकतीस झाल्या होत्या.